सीएचएम हेल्प फाइल: डावीकडे प्रश्नचिन्हं, उजवीकडे कोरं पान

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची अडत दुकानं, तासगावचे बेदाणा व्यापारी, गावोगावच्या दूध संस्था आणि पतसंस्था यांचे हिशेब ज्या लहान सॉफ्टवेअरवर चालतात, त्यातली बरीच अजून डेस्कटॉपवरचीच आहेत. एफ-वन दाबलं की त्यांची हेल्प उघडते ती सीएचएम फाइलमधून, म्हणजे एचटीएमएल पानं एकत्र बांधलेल्या विंडोजच्या हेल्प फाइलमधून. ही फाइल मराठीत करायला घेतली की त्याच त्या दोन तक्रारी येतात. एक, डावीकडच्या अनुक्रमणिकेत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा कचरा दिसतो. दुसरी, अनुक्रमणिका दिसते, पण उजवीकडचं पान कोरं राहतं. विषय लिहिणाऱ्याचा दोष यात क्वचितच असतो. प्रोजेक्ट फाइलमधल्या चार-पाच ओळी आणि तयार फाइल कुठे ठेवली आहे, एवढ्यात बहुतेक सगळं सापडतं.

खाली प्रोजेक्ट फाइलमधल्या ओळींची आणि विभागांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहायची.

आधी कुठली फाइल काय करते ते

मायक्रोसॉफ्टचं एचटीएमएल हेल्प १९९७ साली आलं. त्याआधीच्या विनहेल्पमध्ये मजकूर आरटीएफमध्ये लिहायचा आणि प्रोजेक्ट फाइल एचपीजे नावाची असायची. ती जुनी एचएलपी हेल्प दाखवणारा प्रोग्राम व्हिस्टापासून विंडोजसोबत येत नाही, त्यामुळे कुणाकडे अजून एचएलपी फाइल असेल तर तिच्या दुरुस्तीत वेळ घालवू नका.

एचटीएमएल हेल्प वर्कशॉप (सीएचएम तयार करण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन) बसवताना 'या संगणकावर हेल्पची याहून नवीन आवृत्ती आहे' असा निरोप येतो आणि लोक घाबरून थांबतात. हा निरोप आजच्या प्रत्येक विंडोजवर येणारच, कारण दाखवणारा भाग विंडोजमध्ये आधीपासून असतो. ओके म्हणून पुढे जा, वर्कशॉप आणि एचएचसी नावाचा कंपायलर (पानं आणि याद्या जोडून सीएचएम बनवणारा प्रोग्राम) व्यवस्थित बसतो.

प्रोजेक्टमध्ये तीन फाइली असतात. एचएचपी ही मुख्य प्रोजेक्ट फाइल, एचएचसी अनुक्रमणिकेची (कंपायलरचंही नाव हेच, त्यामुळे फोनवर बोलताना हमखास घोळ होतो) आणि एचएचके शब्दसूचीची. तिन्ही साध्या मजकुराच्या आहेत आणि नोटपॅडमध्ये उघडतात. एचएचपीमध्ये चौकटी कंसातले विभाग असतात: ऑप्शन्स, विंडोज, फाइल्स, अलायस, मॅप. आतली पानं नेहमीची एचटीएमएल असतात, आणि ती दाखवतं इंटरनेट एक्सप्लोररचं जुनं इंजिन. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं अर्धं कोडं सुटतं: पानं दाखवणारं इंजिन वेगळं आणि अनुक्रमणिका दाखवणारी डावी खिडकी वेगळी. पानाला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणारी अक्षरपद्धत, कळतं. डाव्या खिडकीला कळत नाही.

अनुक्रमणिकेतला कचरा

इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

एचएचपी, एचएचसी आणि एचएचके या तिन्ही फाइली कंपायलर आन्सी म्हणून वाचतो, म्हणजे त्या त्या भाषेच्या जुन्या आठ बिटांच्या कोडपेजमधून (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातून). रशियन, ग्रीक, थाई, अरबी यांना विंडोजने अशी कोडपेजं दिली आहेत, म्हणून त्यांची अनुक्रमणिका त्यांच्या भाषेत दिसते. मराठी आणि हिंदी विंडोजमध्ये आल्या त्याच युनिकोडमधून, त्यांना आन्सी कोडपेज कधी मिळालंच नाही. त्यामुळे 'लँग्वेज' (भाषा) या ओळीत मराठीचा क्रमांक, म्हणजे दशमान पद्धतीत ११०२, घातला तरी प्रश्नचिन्हं जात नाहीत. कंट्रोल पॅनेलमध्ये कितीही शोधलं तरी ते कोडपेज सापडणार नाही, कारण ते नाहीच. भाषेची ओळ इंग्रजीची ठेवा.

कचरा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींची कारणं वेगळी. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइल आन्सी म्हणून सेव्ह झाली आहे आणि मराठी अक्षरं त्याच वेळी कायमची गेली आहेत. फाइल पुन्हा उघडून ती परत येत नाहीत. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यापुढे चलनाचं गोल चिन्ह आणि मग आणखी काहीतरी, अशी तीन-तीन चिन्हांची रांग दिसत असेल, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि आन्सी वाचणारा त्या तीन बाइटची तीन वेगळी अक्षरं करतो. या दुसऱ्या प्रकारात मजकूर शाबूत असतो, फक्त चुकीचा वाचला जातो.

नोटपॅडमुळे यात भर पडली आहे. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवीन फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, आधी आन्सीमध्ये करायचं. म्हणून जुन्या मशीनवर प्रश्नचिन्हं आणि नव्यावर कचरा, असा गोंधळात टाकणारा फरक दिसतो. एचएचपी फाइल सेव्ह करताना 'बीओएमसह यूटीएफ-८' तर चुकूनही निवडू नका. पहिल्या ओळीआधी न दिसणारे बाइट बसतात, आणि मग ऑप्शन्स हा पहिलाच विभाग कंपायलरला ओळखता आला नाही तर तुम्ही दिलेलं काहीच लागू होत नाही. एचएचपी आन्सीमध्ये, तीही पूर्ण रोमन अक्षरांत, एवढा नियम पाळा.

यावरचे उपाय तीन, आणि माझं मत तिन्हींबद्दल वेगळं आहे.

पहिला जुन्या लोकांचा. डीटीपीवाल्यांकडचा आठ बिटांचा मराठी फाँट घ्यायचा, अनुक्रमणिका त्या फाँटच्या कळांप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करायची आणि प्रोजेक्टमध्ये 'डिफॉल्ट फाँट' या ओळीत त्या फाँटचं नाव, आकार आणि कॅरॅक्टर सेट द्यायचा. ज्या मशीनवर तो फाँट आहे तिथे चालतं. पण सीएचएमच्या आत ठेवलेला फाँट डाव्या खिडकीच्या कामाचा नाही, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मशीनवर तो बसवत फिरायचं. शब्दसूचीचा क्रमही रोमन अक्षरांनुसार लागतो, म्हणजे 'हमाली'च्या शेजारी काय येईल याचा भरवसा नाही. आज हा रस्ता धरू नये.

दुसरा, डावीकडची नावं रोमन लिपीत लिहायची. 'खरेदी पट्टी', 'हमाली-तोलाई' हे रोमनमध्ये वाचणं मोबाइलमुळे आता सगळ्यांना जमतं. कामचलाऊ आहे, पण दिवाणजीला दाखवताना जरा ओशाळल्यासारखं होतं.

तिसरा, आणि आम्ही हाच वापरतो: डाव्या खिडकीवर विसंबायचंच नाही. अनुक्रमणिका हे एक साधं एचटीएमएल पान करा, यूटीएफ-८ मध्ये, मराठी दुव्यांसह. तेच पान 'डिफॉल्ट टॉपिक' म्हणून द्या. प्रत्येक विषयाच्या पानावर वर एक पट्टी ठेवा: अनुक्रमणिका, मागे, पुढे. वर्कशॉपच्या विंडो टाइप्समध्ये जाऊन डावी खिडकी सुरुवातीला बंद ठेवा. फ्रेमसेट करून डावीकडे मराठी यादी दाखवण्याचा मोह होतो, पण सॉफ्टवेअरमधून एफ-वन दाबल्यावर एकच पान थेट उघडतं आणि फ्रेम येत नाही. पट्टी बरी.

पानांच्या बाबतीत फक्त एवढंच पाहा: हेडच्या अगदी सुरुवातीला कॅरसेटची ओळ (पान यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी), आणि स्टाइलशीटमध्ये निर्मला यूआय आधी, मग मंगल. निर्मला विंडोज ८ पासून सोबत येतो. विंडोज १० पासून मंगल वेगळा बसवावा लागतो. पानांच्या आणि चित्रांच्या फाइलींची नावं मात्र रोमनच हवीत. ज्या फोल्डरमध्ये प्रोजेक्ट आहे त्याच्या वाटेतही मराठी नाव नको. विंडोजवर युजरचं नाव मराठीत ठेवलेलं असेल आणि प्रोजेक्ट डेस्कटॉपवर असेल, तर मराठी वाटेतच येतं. सरळ सी किंवा डी ड्राइव्हच्या मुळाशी एक आखूड रोमन नावाचा फोल्डर करा.

मराठी शोध

सर्च टॅबमध्ये मराठी शब्द टाकला तर काही सापडत नाही, कारण वरचंच. हा टॅब काढून टाका, नाहीतर लोक तो वापरून 'हेल्पमध्ये काहीच नाही' असा निष्कर्ष काढतात. त्याऐवजी अनुक्रमणिकेच्या पानावर एक शोधपेटी ठेवा: विषयांची नावं आणि प्रत्येकाचे पाच-सहा शब्द एका जावास्क्रिप्ट यादीत, आणि टाइप केलेलं त्यात आहे का एवढंच बघणारी दहा ओळींची फंक्शन. स्क्रिप्ट जुन्या पद्धतीनेच लिहा, 'व्हार' वापरून. इंजिन जुनं आहे, बाणवाली फंक्शनं त्याला कळत नाहीत.

यात एक खास आपला काटा आहे. 'व्यापाऱ्याची बाकी' मधला 'ऱ्या' संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी स्वतंत्र ऱ अक्षर आणि हलंत टाकतात, काही साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडणारा कोड टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण तुलना केली तर वेगळे. पान लिहिणाऱ्याने एका प्रकारे लिहिलं आणि दुकानातल्या मुलाने दुसऱ्या प्रकारे शोधलं की निकाल शून्य. शोधण्याआधी दोन्ही बाजूंचं रूप एकच करून घ्या. एक रिप्लेसची ओळ पुरते. शेतकऱ्याची पट्टी, दुसऱ्या गाळ्याची आवक, तोडणाऱ्या टोळीचा हिशेब: आपल्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये हे अक्षर पावलोपावली येतं.

उजवीकडे कोरं पान

फाइल तुमच्याकडे छान चालते, गिऱ्हाइकाकडे पान कोरं किंवा 'पान दाखवता येत नाही'. पहिला प्रश्न हा विचारा: फाइल कशी पोचली? ईमेलमधून किंवा ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला विंडोज 'बाहेरून आलेली' अशी छुपी खूण लावतं आणि सीएचएमच्या आतली पानं अडवतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबच्या तळाशी 'अनब्लॉक'. ही खूण एनटीएफएस (विंडोजच्या हार्डडिस्कची नेहमीची फाइल पद्धत) डिस्कवरच टिकते. म्हणून पेनड्राइव्हवरून नेलेली तीच फाइल चालते आणि ईमेलने पाठवलेली चालत नाही, हा चमत्कार घडतो. बहुतेक पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सएफएटी असतात आणि खूण वाटेतच गळून पडते. झिप करून पाठवली आणि विंडोजच्याच एक्स्ट्रॅक्टने उघडली तर झिपची खूण आतल्या फाइललाही लागते. झिप आधी अनब्लॉक करा, मग उघडा.

दुसरा प्रश्न: फाइल कुठल्या मशीनवर आहे? अडत दुकानात सॉफ्टवेअर आतल्या सर्व्हरवर आणि काट्यावरचं व पेढीवरचं मशीन नेटवर्कने जोडलेलं, ही नेहमीची मांडणी. सीएचएम सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये असेल तर बाकीच्या मशीनवर पान कोरंच येणार. मायक्रोसॉफ्टने जून २००५ च्या सुरक्षा दुरुस्तीत नेटवर्कवरून सीएचएमची पानं दाखवणं बंद केलं, कारण त्या वाटेने हल्ले होत होते. नेटवर्क ड्राइव्हला झेड असं नाव दिल्याने विंडोज फसत नाही.

रजिस्ट्रीत एचटीएमएल हेल्पच्या 'आयटीएसएस रिस्ट्रिक्शन्स' या कीखाली 'मॅक्स अलाउड झोन' १ केलं की स्थानिक नेटवर्कवरून पानं उघडतात. मात्र ते त्या मशीनवरच्या प्रत्येक सीएचएमला लागू होतं, आणि ज्याच्या मशीनवर पैशांचे हिशेब आहेत त्याचं दार आपल्या हेल्पसाठी किलकिलं करणं मला पटत नाही. त्यापेक्षा सॉफ्टवेअर सुरू होताना सर्व्हरवरच्या सीएचएमची तारीख बघा, नवीन असेल तर ती त्या मशीनच्या युजर फोल्डरमध्ये कॉपी करा आणि हेल्प तिथूनच उघडा. दहा-पंधरा ओळींचं काम आहे आणि दर वेळी फोन येणं थांबतं.

तिसरं कारण विनोदी आहे, पण खरं. फोल्डरच्या नावात हॅशचं चिन्ह असेल तर सीएचएमचं पान उघडत नाही. प्रोग्रामरचे फोल्डर सी-शार्पच्या नावाने असतात आणि दुकानदारांचे गाळा क्रमांकाच्या. दोन्हीत ते चिन्ह येतं. चिन्ह काढा.

अनुक्रमणिकेचा टॅबच गायब

ऑप्शन्समध्ये 'कंटेंट्स फाइल' नीट दिली आहे, तरी टॅब नाही. विंडोज विभागात खिडकीची स्वतःची व्याख्या असेल तर तिच्यातही एचएचसी आणि एचएचकेची नावं द्यावी लागतात. वरची ओळ तिथे पुरत नाही. वर्कशॉपमध्ये विंडो टाइप्सच्या फाइल्स टॅबवर ही नावं भरता येतात. पुढे-मागे जाण्याची तयार बटणं हवी असतील तर 'बायनरी टीओसी' ही ओळ 'येस' करावी लागते, तिच्याशिवाय बटणं दिसली तरी चालत नाहीत.

बदल केला, कंपाइल झालं, तरी खिडकी जुन्याच आकारात, जुन्याच जागी? खिडकीच्या आठवणी त्या युजरच्या ॲपडेटा रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या एचटीएमएल हेल्प फोल्डरात एचएच-डॉट-डॅट नावाच्या फाइलमध्ये असतात. हेल्प बंद करून ती फाइल काढा. पुढच्या वेळी विंडोज नवी करतं.

कंपाइलच होत नाही तेव्हा

एचएचसी५०१०, 'फाइल उघडता येत नाही, कंपाइल थांबवलं'. दहापैकी नऊ वेळा तयार सीएचएम तुमच्याच पडद्यामागे उघडी असते. बंद करा. तसं नसेल तर 'कंपाइल्ड फाइल'मध्ये दिलेला फोल्डर अस्तित्वात आहे का बघा. कंपायलर स्वतः फोल्डर तयार करत नाही.

एचएचसी५००३ म्हणजे यादीतलं एखादं पान जागेवर नाही. नाव बदललेलं असतं, किंवा चित्र एक फोल्डर वर असतं. प्रोजेक्ट फाइल सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये आणि पानं, चित्रं, स्टाइलशीट तिच्या खालच्या फोल्डरांत, ही मांडणी सोडू नका. दोन ठिपक्यांनी वर जाणारा पत्ता असला की दुवे कुठेतरी तुटतातच. फाइल्स विभागात प्रत्येक पान लिहिण्याची गरज नसते, कंपायलर दुव्यांवरून पुढची पानं आणि पानातली चित्रं स्वतः ओढून घेतो. पण स्क्रिप्टमधून मागवलेल्या चित्राचा त्याला पत्ता लागत नाही. ती हाताने यादीत घाला. आत नेमकं काय गेलं हे बघायचं असेल तर एचएच हा सीएचएम उघडणारा विंडोजचा प्रोग्राम डीकंपाइल या पर्यायासह कमांडवर चालवा, फाइली मोकळ्या होऊन फोल्डरात पडतात.

एचएचसी६००३ फसवा आहे. निरोपात आयटीआयआरसीएल या डीएलएलचं (विंडोजच्या सहायक प्रोग्राम फाइलचं) नाव येतं, पण ती नोंदवून उपयोग होत नाही. वर्कशॉपच्या फोल्डरमधली आयटीसीसी नावाची डीएलएल नोंदवायची, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर सिसवाऊ६४ फोल्डरातल्या रेगएसव्हीआर३२ने, तेही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून.

एफ-वन दाबल्यावर 'मॅप विभाग नाही' असा निरोप येत असेल तर सॉफ्टवेअर क्रमांक पाठवतंय आणि हेल्पमध्ये त्या क्रमांकांची यादीच नाही. मॅप विभागात प्रत्येक नावाला क्रमांक आणि अलायस विभागात त्याच नावाला पान, अशी जोडी लागते. फक्त एक विभाग भरून भागत नाही.

बॅच फाइलमधून कंपाइल करणाऱ्यांसाठी एक शेवटचं. हा कंपायलर यश आलं की १ परत देतो आणि अपयश आलं की ०, बाकी जगाच्या बरोबर उलट. त्यामुळे ऑटोमॅटिक बिल्ड नीट झालेल्या हेल्पवर अडतं आणि बिघडलेली हेल्प गुपचूप इन्स्टॉलरमध्ये घालतं. अट उलटी लिहा, आणि शिवाय कंपाइलच्या आधी जुनी सीएचएम पुसून, नंतर नवी तयार झाली का ते तपासा.

नवीनच सॉफ्टवेअर करत असाल तर सीएचएमच्या नादाला न लागलेलं बरं. क्यूटी (सॉफ्टवेअर बनवण्याचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर तिची क्यूएचपी ही प्रोजेक्ट फाइल एक्सएमएल आहे, यूटीएफ-८ मध्ये, आणि अनुक्रमणिकेत मराठी सरळ लिहिता येते. क्यूटी नसेल तर एचटीएमएलचं फोल्डर आणि ब्राउझर. एफ-वनला पानाचा पत्ता द्यायचा, बस.